माझ्या पोटातला निळा डबा

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे, आणि माझ्या आयुष्यातली मधली आठ वर्षं मी कपाट म्हणून काढली. हसताय? हसा. कांदे, सातबारा आणि घरच्या मुलाच्या, धनंजयच्या, लग्नातल्या उरलेल्या पत्रिका माझ्या पोटात गुण्यागोविंदाने नांदत होत्या, तेव्हा मलाही हसूच यायचं. रडून करणार काय?

मी केळझरला राहतो, गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रूपरावांच्या ओसरीत. रंग लाल, दार एकच, आणि डाव्या कुशीला एक पोचा. त्या पोच्याची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे माझी ओळखही होईल.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याला वाक दिला, भिंतींच्या आत फेस भरला, पाठीला काळ्या नळ्यांची जाळी बसवली आणि शेवटी दाराला रबर लावलं. एका माणसाने माझं दार दहा वेळा उघडून लावून पाहिलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, पास! तिथून मी सिंदी रेल्वेला ताराचंदशेठच्या दुकानात आलो. त्या वर्षी कापूस चांगला झाला होता. रूपराव सिंदीला कापूस विकून रिकाम्या बैलगाडीने परत निघाले होते, ते दुकानासमोर थांबले आणि मला घेऊन टाकलं. गाडीत कुटार, म्हणजे कडब्याचा भुसा, पसरून त्यांनी मला आडवा केला. फ्रीज आडवा नेऊ नका हो, म्हणून ताराचंदशेठ रस्त्यापर्यंत ओरडत आले. रूपराव कुठले ऐकतात! नाल्याच्या उतारावर बैल बुजले, मी गाडीच्या खुंटावर आदळलो आणि पोचा घेऊनच सासरी आलो.

लीलाबाईंनी, म्हणजे रूपरावांच्या बायकोने, माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि नारळ फोडला. गल्लीतला मी पहिला फ्रीज. काय माझी ऐट होती म्हणून सांगू! शाळेतून सुटलेली पोरं बर्फ बघायला यायची. रूपरावांची लेक आकांक्षा तेव्हा पाच वर्षांची होती. माझं दार पटकन उघडून आतला दिवा विझताना पकडायचा तिचा रोजचा प्रयत्न असायचा. शेजारच्या तानबांची गाय व्याली की पहिला खरवस माझ्याकडे, लग्नघरचं विरजण माझ्याकडे. गल्लीची पद्धतच होती, दार उघडायचं आणि आपली वस्तू ठेवायची, हवी ती न्यायची. विचारायचं कशाला? नेणारा बदल्यात काहीतरी माझ्या डोक्यावर ठेवून जाई, मूठभर शेंगा, चार लिंबं. कोणाचं कोणावाचून अडत नसे.

रूपरावांचं एक कौतुक इथे सांगितलं पाहिजे. ते गावाचे वाढपी. लग्न असो, बारसं असो, देवळातला महाप्रसाद असो, पंगत बसली की रूपरावांना बोलावणं येणारच. वांग्याच्या भाजीची बादली घेऊन ते ओळीतून निघाले की कोणाला किती हवं ते त्यांना न सांगता कळे. नको नको म्हणणाऱ्याच्या पानात ते हमखास आणखी एक पळी घालत. माणसाला कशाचा तरी अभिमान असतो. यांना या पळीचा होता.

पुढे माझं यंत्र बंद पडलं. धनंजय नोकरीसाठी नागपूरला गेला, आकांक्षा लग्न होऊन हिंगणघाटला. दुरुस्त करू, करू म्हणता म्हणता कोणीतरी माझ्यात कांदे ठेवले आणि मी कपाट झालो. आठ वर्षं दिवा नाही, घरघर नाही. सगळ्यात वाईट काय वाटायचं सांगू? दार उघडल्यावर कोणाच्या तोंडावर गार वारा लागत नसे.

गेल्या दसऱ्याच्या आसपास घरातलं बोलणं कमी झालं. रूपराव सकाळी परसात जाऊन आले की गप्प बसून राहत. आठ महिने त्यांना शौचातून रक्त जात होतं आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं, लीलाबाईंनासुद्धा नाही. मूळव्याध असेल म्हणून झाडपाल्याची औषधं गुपचूप घेत होते. लीलाबाईंनी एकदा धोतर धुताना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी हात धरून त्यांना सावंगीच्या बाजूच्या एका दवाखान्यात नेलं. गुदाशयात, म्हणजे शौचाच्या वाटेच्या अगदी शेवटी, कॅन्सरची गाठ निघाली.

ते दोघं घरी आले ते ओसरीत माझ्याच पायाशी बसले, म्हणून मला सगळं ऐकू आलं. ऑपरेशन करावं लागणार होतं. पण गाठ आहे तेवढीच राहिली, तर ती वाट कायमची बंद करून पोटाला छेद द्यावा लागेल आणि तिथे लावलेल्या पिशवीत जन्मभर शौच गोळा होईल. ऑपरेशनच्या आधी गाठ लहान झाली, तर ही वेळ टळू शकते. त्या दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी सुरू होती. गुण येईलच असं कोणी म्हणालं नव्हतं. नेहमीच्या उपचारांबरोबर पाच आठवडे रोज संध्याकाळी ते घ्यायचं होतं. फक्त ते थंड ठेवावं लागे. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरी फ्रीज आहे का? नसेल तर रोज दवाखान्यात या. ऐन कापूस वेचणीत रोज जाणं कसं जमणार? लीलाबाई छातीठोकपणे म्हणाल्या होत्या, हाय नं!

मित्रांनो, तेव्हा माझ्या पोटात अर्धं पोतं कांदे होते.

दुसऱ्या दिवशी सेलूहून हिरालाल मिस्त्री आला. आतला वास घेऊन त्याने आधी नाक धरलं, मग माझी पाठ उघडली. दिवसभर खटपट केली, नवीन वायू भरला, दाराचं रबर बदललं. संध्याकाळी बटण दाबलं आणि मी घरघरलो. दिवा लागला! लीलाबाईंनी लगेच सांबाराची जुडी आणली, कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, ती आत ठेवायला. पण दवाखान्यातून औषध घेऊन आलेल्या रीता सिस्टरनी हात आडवा केला. या औषधाजवळ खाण्याची एक काडीसुद्धा ठेवायची नाही, असा त्यांचा हुकूम होता. मधल्या फळीवर फक्त एक झाकणाचा निळा डबा. डब्यात बोटाएवढ्या, सुई नसलेल्या प्लास्टिकच्या पिचकाऱ्या, प्रत्येकीला टोपण आणि प्रत्येकीवर तारीख. आत पाण्यासारखं औषध आणि त्यात एक बारीक बुडबुडा. पिचकारी कलती केली की बुडबुडा टुणकन वर पळे.

रीताताईंनी समजावून सांगितलं. सलाइनमधून दिलेलं औषध सगळ्या अंगभर फिरतं. हे औषध तोंडाने नाही आणि सुईनेही नाही, तर शौचाच्या जागेतूनच आत सोडायचं, जिथे गाठ आहे तिथेच. थंड असताना ते पातळ असतं म्हणून सहज आत जातं. अंगाची ऊब लागली की घट्ट होतं, तिथेच चिकटून बसतं आणि हळूहळू आपलं काम करतं. लीलाबाई म्हणाल्या, म्हणजे तुपाच्या उलटं. रीताताईंना ते इतकं आवडलं की पुढे त्या सगळ्या रोग्यांना तसंच सांगू लागल्या म्हणे.

रूपराव मात्र खाली मान घालून बसले होते. असलं औषध मी घेणार नाही, म्हणाले. रीताताई गेल्यावर लीलाबाईंनी त्यांच्यासमोर बसकण मारली.

"धनंजय तान्हा होता तवा त्याचं पोट अडे. मी पानाच्या देठाले एरंडेल लावून त्याच्या खालून घालत होती. तो देठ कोण तोडून दे?"

रूपरावांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

"तुमीच देत होते. तवा लाज नाई वाटली, आता काऊन वाटते?"

रूपराव हसले. कितीतरी दिवसांनी हसले हो! त्या संध्याकाळी लीलाबाईंनी हातमोजे घातले, डब्यातून पहिली पिचकारी काढली आणि दोघं आतल्या खोलीत गेले. तिथलं मला दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

आता चूक कुठे झाली ती ऐका. आठ वर्षं मेलेला फ्रीज जिवंत झाल्यावर गल्ली थोडीच गप्प बसणार! तानबा आले. तानबा म्हणजे रूपरावांचे लहानपणापासूनचे जोडीदार. पिचकाऱ्या पाहून त्यांनी विचारलं, हे काय गा? रूपरावांच्या तोंडून निघून गेलं, गाईच्या सडात भरायचं औषध हाय. गाईची कास सुजली की सडात सोडायच्या पिचकाऱ्या हुबेहूब अशाच असतात, त्यामुळे तानबांना ते पटलं. लीलाबाईंनी डोळे मोठे केले, पण नवऱ्याला चारचौघांत कसं खोटं पाडायचं? मी मनात म्हटलं, अहो, खोटंच बोलायचं तर निदान डोळ्याचं औषध म्हणायचं. मग लक्षात आलं, छे छे, ते तर आणखीच वाईट.

तीन आठवडे नीट गेले. चौथ्या आठवड्यात एका दुपारी रूपराव आणि लीलाबाई वेचणीला गेले असताना तानबा ओसरीत आले. त्यांनी हाका मारल्या. घरात कोणी नव्हतं. त्यांच्या चांदी गाईची कास दगडासारखी झाली होती, बिचारीला दूध काढू देववत नव्हतं. गल्लीच्या पद्धतीप्रमाणे तानबांनी माझं दार उघडलं, निळ्या डब्यातली पहिली पिचकारी उचलली, म्हणजे त्याच दिवसाच्या तारखेची, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली. बदल्यात तुरीच्या हिरव्या शेंगांची पिशवी माझ्या डोक्यावर ठेवली. मग शेतातल्या कोठ्याकडे, म्हणजे गोठ्याकडे, चांदीपाशी निघाले.

मित्रांनो, मी ओरडलो. खरंच ओरडलो! पण माझं ओरडणं म्हणजे घरघर, ती रोजचीच. मी थरथरलो, डोक्यावरची शेंगांची पिशवी हलली, तानबांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. कॅन्सरचं औषध गाईच्या सडात गेलं, तर गाईचं काय होईल? आणि चांदीचं दूध तर चार घरी जातं. त्या चार घरांत लेकरं आहेत. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की मी कपाटच बरा होतो.

सांजेला दोघं परतले. लीलाबाईंनी हातमोजे घालून डबा उघडला आणि तशाच उभ्या राहिल्या. आजची पिचकारी नाही. रूपरावांनी आधी डबा पाहिला, मग माझ्या डोक्यावरची शेंगांची पिशवी पाहिली. अशी पिशवी कोणाची ते विचारायची गरज नव्हती. चप्पल न घालता ते अंगणात धावले, आणि तेवढ्यात समोरून तानबाच आले, चांगलेच तणतणत.

"काय गा रूपराव, नासलेलं औषध ठेवलं का तुनं? पाय, बुडबुडासुद्धा हालत नाई."

"गाईले लावलं का?" रूपरावांचा आवाज चिरकला.

"लावू कसा? नेलं तवा पाणी होतं, कोठ्यावर जाऊन पायतो तं पार दही. नासकं औषध सडात घालाले मी काय येडा हाय? टोपणही नाई काढलं."

रूपरावांनी पिचकारी हातात घेऊन टोपण तपासलं. खिशातल्या उबेने औषध घट्ट केलं होतं, आणि त्या घट्ट झालेल्या औषधाने चांदीला वाचवलं होतं. लीलाबाईंनी पिचकारी घेतली आणि रीताताईंना फोन लावला. टोपण उघडलं होतं का, किती वेळ बाहेर होती, सगळं रीताताईंनी विचारून घेतलं. डॉक्टरांशी बोलून दहा मिनिटांनी त्यांचा फोन परत आला. बंद पिचकारी फ्रीजमध्ये ठेवा, तासाभरात बुडबुडा पहिल्यासारखा पळायला लागला तरच वापरा, नाहीतर बाजूला ठेवा, मी दुसरी आणते, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी रूपरावांना फोनवर बोलावलं.

"काका, पिचकारी गेली असती तर दुसरी मिळाली असती. त्या गाईचं दूध लेकरांच्या पोटात गेलं असतं तर काय केलं असतं आपण?"

रूपरावांनी फोन खाली ठेवला. पिचकारी माझ्या पोटात गेली, दार लागलं आणि मी कामाला लागलो. इतकं मन लावून मी बर्फसुद्धा कधी जमवला नव्हता.

बाहेर ओसरीत तानबा अजून उभेच होते. गाईच्या औषधासाठी दवाखान्याच्या बाईंना फोन कशाला, हे त्यांना कळत नव्हतं. रूपराव एका दमात बोलून गेले. रोग कुठे झाला, औषध कुठून घ्यायचं, सगळं सांगितलं. शेवटी मनातली खरी भीतीही बोलून दाखवली.

"उद्या पोटाले पिशवी लागली तं माह्या हातचं कोण खाईन गा? लोकं पंगतीतून उठून जातीन."

लीलाबाईंनी नुकत्याच भाकरी केल्या होत्या, आंबाडीची भाजी चुलीवर होती. तानबा आत गेले, स्वतःच एक ताट घेतलं, ओसरीत रूपरावांसमोर मांडी घालून बसले आणि ताट पुढे सरकवलं.

"वाढ मले."

रूपरावांनी आत लीलाबाईंकडे पाहिलं.

"वाढ म्हणतो नं. भूक लागली."

रूपरावांनी हात धुतले आणि भाजीचं पातेलं उचललं. पहिल्याच पळीला थोडी भाजी ताटाबाहेर सांडली. जन्मभर त्यांच्या हातून एक थेंब सांडला नव्हता. तानबा नको नको म्हणाले, आणि रूपरावांनी सवयीने आणखी एक पळी घातली. मग दोघंही हसले, आणि हसता हसता रूपरावांनी डोळे पुसले. मला रडता येत नाही. पण दारावर पाण्याचे दोन थेंब आले होते, ते कशाचे होते हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तानबा खाता खाता मध्येच थांबले. घास ताटात ठेवून ते खालच्या आवाजात म्हणाले,

"मले बी रगत पडते. पोयापासून."

पोळ्यापासून म्हणजे तीन महिने. तीन महिने हा माणूस रोज या ओसरीत येत होता, आणि दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते! रूपरावांनी विचारलं, बायकोला सांगितलं का? तानबांनी नकारार्थी मान हलवली. मग रूपराव एखाद्या डॉक्टरच्या थाटात म्हणाले, "मंगळवारी रीताबाई येते. तिच्यासमोर सांगजो. अन् बुधवारी माह्यासंग सावंगीले चाल."

तास झाला. लीलाबाईंनी माझं दार उघडलं. तिघंही वाकून बघत होते, त्यांच्या तोंडांवर माझा गार वारा लागत होता. लीलाबाईंनी पिचकारी कलती केली. बुडबुडा क्षणभर जागच्या जागी राहिला आणि मग टुणकन वर पळाला. तानबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, अगदी कारखान्यातल्या त्या माणसासारखी. चांदीसाठी दुसऱ्या दिवशी गुरांचा डॉक्टर आला आणि तीही बरी झाली.

पुढचं थोडक्यात सांगतो. तानबांच्या आतड्यात एक लहानशी गाठ निघाली, अजून कॅन्सर न झालेली. ती दुर्बिणीतून काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ते घरी येऊन माझ्या डोक्यावर शेंगा ठेवून गेले. रूपरावांची गाठही निम्म्यावर आली. तो माझा गुण, पिचकारीचा, की बाकीच्या उपचारांचा, ते डॉक्टर तपासत बसले आहेत. मी उगाच फुशारकी मारत नाही. पौषात ऑपरेशन झालं आणि वाट शाबूत राहिली. आतला टाका भरेपर्यंत तीन महिने मात्र पोटाला पिशवी लावावी लागली. हो, तीच पिशवी, जिला ते इतके घाबरत होते.

आणि नेमकं त्याच तीन महिन्यांत आकांक्षाच्या लेकीचं बारसं आलं. तीच आकांक्षा, माझा दिवा पकडू पाहणारी. पंगत आमच्याच अंगणात बसली. रूपराव आत खाटेवर बसून राहिले. पानं मांडली, भात आला, वरण आलं, भाजीची बादली तशीच ठेवलेली. ती उचलायला कोणी पुढे होईना. पहिल्या पानावर बसलेल्या तानबांनी हातातला घास खाली ठेवला आणि घराकडे तोंड करून सांगितलं, रूपरावांनी वाढल्याशिवाय आपण काही खात नाही. मग दुसऱ्यानेही घास ठेवला, मग तिसऱ्याने.

रूपराव बाहेर आले. सैल सदरा, सदऱ्याखाली पिशवी, आणि ती सगळ्या गावाला माहीत होती. त्यांनी बादली उचलली आणि ओळीतून निघाले. एकही माणूस उठला नाही. उलट सगळे नको नको म्हणत होते, कारण त्याशिवाय दुसरी पळी मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता माझ्या पोटात निळा डबा नाही. लीलाबाईंनी मला आतून दोनदा पुसून घेतलं आणि मगच सांबार ठेवला. खरवस पुन्हा येतो, पण हल्ली माझ्यातलं काही न्यायचं झालं तर लोक आधी विचारतात, ही सुधारणा मला पसंत आहे. आकांक्षाची लेक अजून रांगत नाही. रांगायला लागली की माझा दिवा पकडायला येईल, तोवर मला टिकायचं आहे. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या फ्रीजचं रबर वर्षातून एकदा पुसा आणि त्याच्यात कांदे भरू नका. आणि तुमचे आजोबा परसातून येऊन गप्प बसले, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि काय होतंय ते विचारा. ते उडवाउडवी करतील. तरी उठू नका, पुन्हा विचारा.